पोटुशी बाई आणि कामाचा उंबरठा

बेळगावहून निपाणीकडे निघाले की महामार्गावर काकती लागते, कित्तूरच्या राणी चन्नम्माचे जन्मगाव. पुढे होनग्याची औद्योगिक वसाहत, आणि रस्ता तसाच धरला की तंबाखूची पेठ निपाणी. या पट्ट्यातल्या बाईच्या मजुरीचा इतिहास लिहायचा तर वखार आणि विडी यांना टाळून पुढे जाता येत नाही. त्या इतिहासात एक गोष्ट डोळ्यांत भरते. पोटुशी बाईला इथे काम मिळत आले, पण जिथे तिच्या बाळंतपणाची झळ मालकाला लागत नव्हती तिथेच. कायद्याने ती झळ मालकावर टाकली आणि बाईला दारातच अडवण्याचे कारण त्याच्या हाती आले. माझे म्हणणे असे की, आपल्या कायद्याने नोकरीत असलेल्या गरोदर बाईला आधार दिला, नोकरी शोधणाऱ्या गरोदर बाईचा मात्र विचारच केला नाही.

वखारीतले काम म्हणजे तंबाखू कुटणे, चाळणे, काड्या वेगळ्या करणे. दिवसभर नाकातोंडात खकाणा. घरी विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. पाने आणि तंबाखू देणाऱ्या कंत्राटदाराला तिला कितवा महिना लागलाय हे विचारण्याची गरज काय? विड्या कमी वळल्या तर पैसे कमी, आणि बाळंतपणात हात थांबले तर पैसे नाहीत. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने प्रसूतीचे लाभ घरखेप विडी कामगारांपर्यंत नेले. विडी कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण १९७४ साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तरी हक्क मागायचा तर आपण कोणाच्या नोकर आहोत हे आधी सिद्ध करावे लागते, आणि मालक व बाई यांच्यामध्ये कंत्राटदार उभा असला की नेमके तेच अवघड होते. १९८०च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रिया संघटित झाल्या. छाया दातार यांनी त्या लढ्यावर पुस्तक लिहिले. मजुरी आणि माणसासारखी वागणूक या त्यांच्या मागण्यांच्या मुळाशी ‘आम्हाला कामगार म्हणा’ हीच मागणी होती, असे मला वाटते.

कायद्याची गोष्ट याच्याही आधी सुरू होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्याच परिषदेत प्रसूती संरक्षणाचा करार केला. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात तसे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. मग १९२९ साली मुंबई इलाख्याने देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. बेळगाव जिल्हा त्या वेळी याच इलाख्यात होता, १९५६पर्यंत तो मुंबई राज्यातच राहिला. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी मांडलेली भूमिका आजही लक्षात घ्यावी अशी आहे. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार खरे तर बव्हंशी सरकारने उचलावा. सरकार तो उचलत नाही तोवर बाईच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकाने उचलावा. त्यांच्या म्हणण्यातला दुसरा भाग आपण घेतला, पहिला अर्धवटच राहिला.

१९६१च्या केंद्रीय कायद्याने गरोदरपणाच्या रजेत बाईला कामावरून काढण्यास बंदी घातली. लाभासाठी आधी १६० दिवसांच्या कामाची अट होती, १९८८च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आली. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. हे सारे स्वागतार्हच. पण ८० दिवसांचा हिशेब नोकरी शोधणाऱ्या बाईच्या बाजूने मांडून पाहा. आठव्या महिन्यात रुजू झालेली बाई ती अट पुरी करू शकत नाही. चौथ्या महिन्यात रुजू झालेली करते, आणि हा हिशेब मालकालाही येतो. मग तिला घ्यायचेच नाही, हा त्याच्यासाठी सोपा मार्ग. काढण्याला बंदी आहे, न घेण्याला तशी स्पष्ट बंदी नाही. १९७६च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला मनाई केली खरी, पण गरोदरपणाचे नाव त्यात नव्हते.

हे केवळ छोट्या कारखान्यांत घडते असे नाही. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या घोषणापत्रात उमेदवार स्त्रीला मासिक पाळी आणि गरोदरपण यांविषयी प्रश्न विचारले जात. गरोदरपण सांगितले नाही म्हणून परिवीक्षेत काढलेल्या नीरा माथूर यांना १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावले आणि ते रकाने काढून टाकायला सांगितले. त्याच्या आदल्याच वर्षी युरोपीय न्यायालयाने डेकर खटल्यात म्हटले होते की, गरोदर आहे म्हणून नोकरी नाकारणे हा थेट लिंगभेद आहे. आपल्याकडे मात्र डिसेंबर २०२१मध्येही स्टेट बँकेने तीन महिन्यांहून अधिक गरोदर उमेदवाराला ‘तात्पुरती अपात्र’ ठरवणारे निर्देश काढले आणि टीका झाल्यावर जानेवारी २०२२मध्ये मागे घेतले.

कोणी म्हणेल, दहा-पंधरा माणसांच्या कारखान्याने नवख्या बाईला सहा महिन्यांचा पगार कुठून द्यावा? हा प्रश्न खोटा नाही. पण जिथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे तिथे प्रसूतीचा लाभ त्या योजनेचे महामंडळ देते, मालक नियमित वर्गणीपुरता बांधील असतो. आंबेडकरांना हवी असलेली वाटणी तिथे बऱ्याच अंशी झालेली आहे. तरीही त्या दारात गरोदर बाईला नकार मिळत असेल तर खर्चाची सबब पुढे करता येत नाही. दुसरा आक्षेप काळजीच्या भाषेत येतो: जड काम, धूर, रसायने, बाळाला इजा होईल. याला कायद्यातच उत्तर आहे. बाईने विनंती केली तर बाळंतपणाआधीच्या ठरावीक काळात तिला जड किंवा फार उभे राहण्याचे काम देता येत नाही. म्हणजे उपाय काम बदलून देण्याचा आहे. शिवाय जिथे श्वासागणिक तंबाखू जातो त्या वखारीने पोटुशी बाईला कधी काळजीपोटी परत पाठवले नाही. काळजी आठवली ती खुर्ची-टेबलाच्या नोकरीत, महिन्याच्या पगाराच्या आणि हक्काच्या रजेच्या नोकरीत.

२०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ८० दिवसांची अट तशीच आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र सीमेवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली. या एका बाबतीत तरी दोघांनी मिळून केंद्राकडे आग्रह धरावा: गरोदर आहे म्हणून काम नाकारणे हा गुन्हा आहे, एवढे एक वाक्य कायद्यात घाला आणि बाळंतपणाचा खर्च एकट्या मालकावर ठेवू नका.