मुसाफिरांचा मोहल्ला

रमजानच्या रात्री तरावीहची नमाज आटोपली की मुंबईतल्या मिनारा मशिदीच्या गल्लीत पाय ठेवायला जागा राहत नाही. मालपुवा, मातीच्या वाटीतली फिरनी, कबाब, नल्ली निहारी यांच्या ओढीने शहराच्या चारही दिशांनी लोक येतात. अलीकडे वाटाड्याला पैसे देऊन हिंडणारे पाहुणेही दिसतात. ते आवडीने खातात, याचा आनंदच आहे. पण एक गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही. हा मोहल्ला पाहुण्यांच्या करमणुकीसाठी वसलेला नाही. तो मुसाफिरांच्या गरजेतून वाढला आणि त्या मुसाफिरांत आपले कोकणी वाडवडील पुढच्या रांगेत होते.

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, १८६९ मध्ये उभी राहिली. तिच्या जवळची जामा मशीद त्याहून जुनी, १८०२ ची. जागा एका कोकणी मुस्लिम व्यापाऱ्याची होती. गोवा आणि कालिकतशी त्याचा व्यापार चाले. जागेतला जुना तलाव बुजवायचा नाही, या अटीवर त्याने ती मशिदीसाठी दिली. म्हणून मशीद तलावावरच कमानी उभारून बांधली गेली. बाजारात आलेला परका माणूस आजही त्या पाण्याने वजू करतो. जवळच्या नाखुदा मोहल्ल्याचे नाव तरी काय सांगते? नाखुदा म्हणजे जहाजाचा कप्तान. समुद्रावर पोट असलेल्या माणसांची ही वस्ती.

पुढे आगबोटी आल्या आणि मुंबई हजचे मोठे बंदर झाले. पुढे मुघल लाइन म्हणून ओळखली गेलेली कंपनी १८७७ मध्ये निघाली. १८८६ मध्ये सरकारने यात्रेकरूंच्या प्रवासाचे काम टॉमस कुक या जगप्रसिद्ध प्रवासी कंपनीकडे सोपवले. ते तिला फार वर्षे झेपले नाही. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून आलेला गरीब हाजी बोटीची वाट पाहत दिवसचे दिवस मुंबईत अडकून पडे. त्याला निवारा हवा म्हणून दानशूरांनी मुसाफिरखाने बांधले. साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यांतलाच. त्या काळी बोटीवर शिधा आपला आपण न्यावा लागे. तांदूळ, डाळ, भांडी, पेटी, एहरामचे कापड ही हाजीची खरेदी. पाहुण्याला आज जो बाजार रंगीबेरंगी वाटतो, त्याच्या मुळाशी अशा परक्या माणसाची नड आहे.

खाण्याचेही तेच. निहारी हा शब्द सकाळ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. रात्रभर मंद आचेवर शिजलेले मांस पहाटे कामावर निघालेल्या कष्टकऱ्याच्या पोटाला आधार देई. बारा हांडीचीही तीच रीत. आज जी मध्यरात्रीची चैन आहे, ती एके काळी मजुराची न्याहारी होती.

मग या गल्लीत आपले कोकणी सांदण, घावणे, तांदळाची भाकरी का सहसा दिसत नाही? कारण रत्नागिरी-रायगडकडचा खलाशी हॉटेलात फारसा गेलाच नाही. तो गावच्या जमातीच्या खोलीत उतरला. बोट लागेपर्यंत तिथेच राहिला, गाववाल्यांबरोबर एका ताटात जेवला. आपली चव घरात राहिली, बाजारात आली नाही. म्हणून या शहराच्या खाद्ययात्रेत आपले नाव नाही.

रात्र काही फक्त खाण्याची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिजनौरकडून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ इथे स्थिरावले आणि भेंडीबाजार घराणे जन्मले. गोमंतकाच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांच्या शिष्या. छज्जू खाँचे पुत्र अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकरांनी तालीम घेतली. थोडे पुढे ग्रँट रोडला नाटकगृहे होती. 'प्लेहाऊस'चे लोकांच्या तोंडी 'पिलाहाऊस' झाले. तिथे उर्दू नाटक आणि मराठी तमाशा शेजारी शेजारी रंगत. भाषांच्या भिंती आपण नंतर घातल्या.

१९९५ मध्ये हजची बोट बंद झाली. हाजी विमानाने जाऊ लागला, मुसाफिरखान्याची गजबज ओसरली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. २००९ मध्ये भेंडीबाजाराच्या पुनर्विकासासाठी ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकरांतल्या सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभारण्याची ती योजना. पडायला आलेल्या चाळीत कोणी राहावे, असे मी म्हणणार नाही. चांगले घर हा माणसाचा हक्क आहे. पण इमारतीबरोबर आठवणही पाडली गेली, तर उरते ती फक्त चव. चवीला इतिहास नसला की मोहल्ला म्हणजे नुसती खाऊगल्ली होते आणि तिथले लोक म्हणजे तमाशा.

दोष केवळ पाहुण्यांचा नाही. आपली मुलेही तिथे जातात, फोटो काढतात आणि परततात. आपले आजोबा गावची पेटी डोक्यावर घेऊन भाऊच्या धक्क्यावर उतरले होते, हे त्यांना आपणच सांगितले नाही. पुढच्या रमजानला त्यांना मालपुवा जरूर खाऊ घाला. पण त्याआधी जामा मशिदीत न्या, तो तलाव दाखवा. या शहरात आपण कालचे पाहुणे नाही. आल्यागेल्याला पाणी देणाऱ्यांचे वारस आहोत, हे त्यांना कळू द्या.