नव्या घड्यातला गाळ

मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि लोकांना उन्हाळी लागते. आग होते, थेंब थेंब होते, रंग पिवळाजर्द. धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, फार तर मेडिकलमधली आंबट-गोड औषधाची बाटली, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पण कमरेतून जांघेत उतरणारी कळ आली की गोष्ट सोनोग्राफीपर्यंत जाते. मग हुलग्याचं कढण, सराट्याचा काढा, पानफुटीची पानं. खडा पडला तर पडला, नाहीतर फोडून घ्यायचा. आणि काही वर्षांनी तोच माणूस त्याच दवाखान्यात पुन्हा, या खेपेला दुसऱ्या बाजूचा खडा घेऊन.

या परत येण्याचं मूळ खड्यात नसून लघवीत आहे, हा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात म्हटलंय की नव्या घड्यात स्वच्छ पाणी भरून ठेवलं तरी काही काळानं तळाशी गाळ धरतो. मूत्राशयात अश्मरी होते ती अशीच. त्याच अध्यायात खड्यांची वर्णनं आहेत: कोंबडीच्या अंड्यासारखा पांढरा, बिब्ब्याच्या बीसारखा, आणि कदंबाच्या फुलासारखा काटेरी. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडेही पुष्कळदा असेच खडबडीत, काटेरी असतात. युरोपात त्यांना तुतीच्या फळाची उपमा देत. दोन्हीकडच्या वैद्यांनी एकच वस्तू पाहिली असावी असं मला वाटतं, पण त्यावर पैज लावणार नाही. हे खडे बहुतेक मुलांना होतात असंही सुश्रुत सांगतो. मूत्राशयाचा तो बालपणीचा खडा नुसत्या धान्यावर वाढणाऱ्या पोरांचा आजार होता. आहार सुधारला तसा तो मागे पडत गेला. आजचा खडा मूत्रपिंडातला आणि मोठ्या माणसांचा.

गाळाचा हा विचार पुढे शस्त्रक्रियेच्या दराऱ्यात झाकला गेला. खडा कापून काढणारे नावाजले; तो कशाचा बनलाय, हे विचारणारा भेटला १७७६ साली, तोही एक औषध बनवणारा. स्वीडनच्या कार्ल शेलेनं मूत्राशयातल्या खड्यातून एक नवं आम्ल वेगळं केलं आणि तेच त्याला लघवीतही सापडलं. ते युरिक आम्ल. १७९७ मध्ये लंडनच्या विल्यम वोलॅस्टननं फॉस्फेटचे आणि ऑक्झलेटचे खडे वेगळे ओळखले. १८१० मध्ये त्याला सिस्टिनचाही खडा मिळाला. १८१७ साली अलेक्झांडर मार्सेनं या सगळ्याचं रसायनशास्त्र एका पुस्तकात मांडलं. खडा एक नाही, खड्यांच्या जाती आहेत, आणि प्रत्येक जातीला वेगळी लघवी मानवते, हे तेव्हापासून ठाऊक आहे. सामू साडेपाचाच्या खाली गेला की युरिक आम्ल खडा धरतं. तोच साडेसहाच्या आसपास नेला तर तयार खडासुद्धा विरघळू शकतो. जंतुसंसर्गाच्या खड्याला उलट अल्कधर्मी लघवी लागते.

इतकं कळूनही १९८० मध्ये म्यूनिकला ध्वनिलहरींनी खडा फोडण्याचं यंत्र आलं आणि खडा फुटला की हिशोब मिटला, अशी समजूत आणखी घट्ट झाली. खरा हिशोब असतो पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ टिपायची. मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली, सगळी कॅनमध्ये. काही कॅनमध्ये आधीच आम्ल ओतलेलं असतं, म्हणून मापट्यात धरून मग ओतायची. त्यातून एकूण माप, कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल, सोडियम, सायट्रेट आणि सामू निघतो. पण हा कॅन शेतावर किंवा पाळीवर कोण नेणार? लोक रविवार निवडतात, आणि रविवार घरच्या सावलीत, पाणी पीत जातो. मंगळवारी भट्टीसमोर उभं राहिल्यावर जी लघवी होते, ती या कॅनमध्ये येतच नाही.

जालना पोलादाचं गाव आहे, म्हणून हे मुद्दाम सांगायचं. २००५ साली ब्राझीलमधल्या पोलाद कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: तापलेल्या विभागात काम करणाऱ्यांमध्ये खड्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास नऊ पट, आणि त्यांच्या लघवीत सायट्रेट कमी. घामावाटे पाणी जातं, उरलेली लघवी घट्ट होते. इटलीत पार्मा इथं बोर्गी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की पहिला खडा झाल्यावर रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायलेल्या ९९ जणांपैकी १२ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, तसा सल्ला न मिळालेल्या १०० जणांपैकी २७ जणांना.

दूध बंद करण्याचा सल्ला मात्र सोडून द्यावा. याच गटानं २००२ मध्ये, लघवीतून जादा कॅल्शियम जाणाऱ्या आणि वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाहिलं: दूधदुभतं तोडलेल्या ६० पैकी २३ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा, तर नेहमीइतकं कॅल्शियम ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० पैकी १२ जणांना. दुधातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. लोणचं, पापड, खारवलेली मिरची यांतलं मीठ मात्र कॅल्शियमला लघवीत ओढून आणतं.

राहिलं सायट्रेट. ते लघवीत कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि स्फटिक वाढू देत नाही. डॅलसच्या चार्ल्स पाक यांच्या कामातून पोटॅशियम सायट्रेटची गोळी आली. अमेरिकेत तिला १९८५ मध्ये परवानगी मिळाली. डॅलसमध्येच २००६ मध्ये क्लॅरिटा ओडविना यांनी सायट्रेट सारखं ठेवून संत्र्याचा रस आणि लिंबूपाणी यांची तुलना केली. संत्र्याच्या रसानं सामू आणि सायट्रेट दोन्ही वाढले, लिंबूपाण्यानं नाही. लिंबात सायट्रेटसोबत आम्लही येतं, संत्र्यात पोटॅशियम. भौगोलिक मानांकन मिळवलेली जालन्याची मोसंबी गोड संत्र्याच्याच जातीची, कमी आंबट. म्हणून तिच्याकडून मला आशा वाटते. मूत्रपिंड आधीच दुबळं असेल तर पोटॅशियमचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. बाकीच्यांनी अंबड चौफुलीवर रस प्यायला थांबलं की गाडीवाल्याचा हात मिठाच्या डबीकडे जायच्या आत त्याला सांगावं, मीठ नको, साखरही नको.