सुप्याचं पाणी आणि पन्नासचा आकडा

काळी नदी कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात दिग्गीच्या परिसरात उगम पावते आणि कारवारजवळ समुद्राला मिळते. 184 किलोमीटरच्या या वाटेवर तिच्या पाण्यातून चार ठिकाणी वीज काढली जाते. गणेशगुडीला सुपा धरणाच्या पायथ्याशी 100 मेगावॉट, नागझरीला जवळपास 900, कोडसळ्ळीला 120 आणि कद्राला 150. वरच्या केंद्राने पाणी किती व केव्हा सोडलं, त्यावर खालच्याचा दिवस ठरतो. त्यामुळे या चौघांवर एकत्रच नजर ठेवावी लागते.

1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता आणि तालुक्याचं नाव सुपा. काळी आणि पांढरी यांच्या संगमावरचं सुपा गाव 1980च्या दशकात धरणाखाली गेलं, कचेरी जोयड्याला हलली, पुष्कळ कुटुंबं रामनगरला जाऊन वसली. जलाशयाची क्षमता सुमारे 147 टीएमसी, कोयनेची 105. पाण्याची पातळी इथे रोज नोंदली जाते. उठलेल्या घरांचं पुढे काय झालं, याची नोंदही तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवी होती.

इतक्या पाण्याचं मोल समजायचं तर एक आकडा ध्यानात घ्यावा लागतो: 50 हर्ट्झ. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही. मागणी वाढली की जोडलेली सगळी जनित्रं किंचित मंदावतात आणि वारंवारता घसरते. मागणी घटली की ती चढते. शेकडो सर्व्हरवर चालणाऱ्या बँकेच्या प्रणालीत बिघाड कुठून सुरू झाला, हे शोधायला आज असंख्य मापं लागतात. ग्रिडची तब्येत मात्र या एका आकड्यात उमटते, आणि तो कुठल्याही केंद्रावर वाचता येतो.

पूर्वी उच्चदाबाच्या तारांवरूनच संदेश जात. केंद्रातला माणूस तासातासाला वहीत आकडे लिही आणि बंगळूरच्या भार प्रेषण केंद्राला कळवी. पुढे स्काडा ही संगणकीय देखरेख प्रणाली आली, आकडे काही सेकंदांत पोचू लागले. आताची फेजर मापन यंत्रं सेकंदाला 25 नोंदी पाठवतात.

पण नुसतं बघून भागत नव्हतं. दक्षिणेत वारंवारता 48.5च्याही खाली उतरायची आणि सगळे ते पाहत बसायचे. 1 जानेवारी 2003 पासून तिथे नवी दररचना आली. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर तिचा भाव त्या पंधरा मिनिटांतल्या वारंवारतेवरून लागू लागला. शिस्त आली ती त्यानंतर.

30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तरेकडचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. 60 कोटींहून अधिक लोकांना झळ बसली. दक्षिण वाचली, कारण उरलेल्या देशाशी ती एका तालात जोडलेलीच नव्हती. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि नागझरी व कोयना एकाच वारंवारतेवर फिरू लागल्या. आधार वाढला, तशी एकमेकांची जोखीमही.

5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊ वाजता पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले. मागणी सुमारे 31,000 मेगावॉटने खाली आली. औष्णिक संच इतक्या झटपट उतरत नाहीत, म्हणून देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी पंचवीस मिनिटांत 17,543 मेगावॉट कमी केले आणि दिवे लागताच पुन्हा चढवले. त्या अवधीत वारंवारता 49.70 ते 50.26 हर्ट्झच्या दरम्यान राहिली.