एका संथ अर्बुदाचा इतिहास

मनुष्याच्या मुखांत लाळ पुरविणाऱ्या मोठ्या पिंडांच्या तीन जोड्या असतात. त्यांखेरीज टाळू, ओठ, गाल व जीभ यांच्या अस्तराखालीं शेंकडों बारीक लाळपिंड विखुरलेले आहेत. त्यांत क्वचित् उद्भवणाऱ्या एका अर्बुदानें वैद्यकास दीर्घकाळ चकविलें.

त्याचें पहिलें वर्णन १८५३-५४ मध्यें रोबँ, लोरँ व लाबुल्बेन या फ्रेंच वैद्यांनीं केलें. १८५६ मध्यें थिओडोर बिलरोथ यानें त्यास 'सिलिंड्रोमा' हें नांव दिलें. १८८१ मध्यें जठराचा कर्कग्रस्त भाग यशस्वीपणें कापून काढणारा प्रख्यात शस्त्रवैद्य तो हाच. सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींच्या पुंजांत नळकांडीं दिसलीं, त्यांवरून हें नांव पडलें. आकृति नांवांत आली, स्वभाव आला नाहीं. १९४० च्या सुमारापर्यंत पुष्कळ वैद्य या गांठीस सौम्यच मानीत.

या समजास कारणेंहि तशींच होतीं. गांठ अत्यंत संथपणें वाढते, पुष्कळदां दुखत नाहीं आणि दाढेच्या मुळाची सूज म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतें. शस्त्रक्रियेनंतर जखम भरून येई, रोगी घरीं जाई, वैद्य निश्चिंत होई. मग दहा-पंधरा वर्षांनीं त्याच जागीं किंवा फुप्फुसांत रोग पुन्हां प्रकट होई. हें अर्बुद मज्जातंतूंच्या आवरणाचा मार्ग धरून दृश्य गांठीच्या पलीकडे सरकतें. गांठ निघाली तरी त्याचे धागे मागें राहत.

१९३० मध्यें स्पाइस यानें वापरलेल्या 'अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा' या नांवांत कर्करोगाचा स्पष्ट उच्चार झाला. १९५३ मध्यें न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयांतील फुट व फ्रेझेल यांनीं मोठ्या लाळपिंडांच्या ८७७ अर्बुदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतहि त्याची गणना घातक अर्बुदांत झाली. २००९ मध्यें स्वीडनमधील संशोधकांनीं या अर्बुदाच्या पेशींत दोन जनुकें तुटून एकमेकांस जोडलेलीं दाखविलीं. तेव्हांपासून संशयित गांठ ओळखण्यास आणखी एक खूण मिळाली.

तरीहि निदानाचा पाया जुनाच आहे: गांठीचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें. चुंबकीय चित्रणानें मज्जातंतूंतील प्रसार कळतो. मग भोंवतालच्या निरोगी भागासह अर्बुद काढतात व बहुधा किरणोपचार देतात. टाळूस भोंक पडल्यास कृत्रिम तबकडीनें तें झांकतात, म्हणजे रोग्यास बोलतां-जेवतां येतें. औषधांचा उपाय अद्याप भरवंशाचा ठरलेला नाहीं.

पांच वर्षें सुखरूप गेलीं म्हणजे रोग गेला, हा कर्करोगाचा नेहमींचा हिशेब येथें लागू पडत नाहीं. म्हणून या रोग्याची तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते.