'उचल्या' : जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातले आत्मकथन

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखकाचे गाव धनेगाव. ते आज लातूर जिल्ह्यात मोडते. पण १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याचाच भाग होता.

१८७१ च्या ब्रिटिश कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये कायदा गेला, पोलिसांचा संशय मात्र गेला नाही. चोरी कुठेही होवो, झडती उचल्यांच्या झोपडीची! अशा घरातून शाळेत गेलेला मुलगा या पुस्तकात बोलतो. उपासमार, मारहाण आणि चोरीचे धडेसुद्धा तो लपवत नाही. 'द ब्रँडेड' या नावाने ते इंग्रजीतही आले.