टॅक्सीच्या पोटातली रेसिंग कार

१०८९ सीसी. प्रीमियर पद्मिनीच्या आरसी बुकात इंजिनाच्या रकान्यात हा आकडा असतो. ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक. फोनच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून बघा, बरोब्बर येतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत कधीतरी बसलेल्या प्रत्येकाने या आकड्याचा आवाज ऐकलेला आहे: सिग्नलला थरथरणारा, खोकणारा, पण बंद न पडणारा.

हाच आकडा न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्येही आहे. तिथे सिसितालिया २०२ नावाची एक इटालियन स्पोर्ट्स कार कायमच्या संग्रहात आहे. बॉडी पिनिनफरीनाची, साल १९४७ च्या आसपासचं. गाडी इतकी देखणी की तिला शिल्प म्हणणारे लोकही आहेत. आणि तिच्या बॉनेटखाली फियाट ११०० चं इंजिन आहे. १०८९ सीसी. आपल्या टॅक्सीच्या घराण्यातलंच.

हे घराणं सुरू होतं १९३७ मध्ये, फियाट ५०८ सी या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या गाडीपासून. १९४० मध्ये एन्झो फेरारीने आपली पहिली गाडी बनवली तेव्हा ती ‘फेरारी’ नव्हती. अल्फा रोमिओ सोडताना झालेल्या करारामुळे त्याला काही वर्षं स्वतःचं नाव गाडीला लावता येत नव्हतं. त्या गाडीचं नाव ८१५: आठ सिलिंडर, दीड लिटर. आणि ती बनवली होती याच ५०८ सीचे सुटे भाग घेऊन. अशा दोन गाड्या त्या वर्षी मिल्ले मिलियाच्या शर्यतीत धावल्या. दोन्ही शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत, ते सोडा.

युद्ध संपलं. इटलीतले कारखाने बॉम्बनी मोडलेले, खिशात पैसे नाहीत. अशा वेळी तुरीनच्या पिएरो दुसिओने फियाटचे इंजिनिअर दांते जाकोसा यांच्याकडून एक छोटी रेसिंग कार आखून घेतली. सांगाडा नळ्यांचा, बाकी जमेल ते सगळं फियाटचं. ही सिसितालिया डी ४६. १९४६ मध्ये तुरीनच्या शर्यतीत तात्सिओ नुव्होलारी ती चालवत असताना स्टिअरिंग व्हील निखळून त्याच्या हातात आलं आणि तो ते हातात धरूनच गाडी हाकत राहिला. पुढच्या वर्षी हाच नुव्होलारी, वय चोपन्न, तब्येत ढासळलेली, सिसितालिया घेऊन मिल्ले मिलियात दुसरा आला. जिंकणारी अल्फा रोमिओ होती, इंजिन जवळजवळ तिप्पट मोठं.

पद्मिनीला ‘डुक्कर फियाट’च्या खानदानातली म्हातारी म्हणून हसणाऱ्या मित्रांना मी हे सगळं ऐकवतो. ते फार प्रभावित होत नाहीत.

गंमत म्हणजे गोष्ट एकट्या पद्मिनीची नाही. परवाना राजच्या काळात भारतात जेमतेम तीन मोटारी मिळायच्या. दुसरी ॲम्बेसेडर. तिला पुढे जे १४८९ सीसीचं इंजिन मिळालं, तेच बीएमसी बी-सिरीज इंजिन १९५५ साली आलेल्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये होतं. तिसरी मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. इंग्लंडमध्ये हेरल्डचीच चासी आखूड करून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर बनली. रेखाटन दोन्हीचं एकाच माणसाचं, जोव्हान्नी मिकेलोत्तीचं. म्हणजे आपल्या तिन्ही गाड्यांना स्पोर्ट्स कारची सख्खी भावंडं होती. लग्नाच्या वरातीत, आमदाराच्या दारात, दादर स्टेशनाबाहेर उभी असलेली गाडी ही आत कुठेतरी रेसिंग कार होती.

मग इंग्लंड-इटलीत लोकांनी परसदारी स्पोर्ट्स कार बनवल्या, तशा आपल्याकडे का बनल्या नाहीत?

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे आपण गरीब होतो, रस्ते वाईट होते. मला ते पटत नाही. १९४६ ची इटली काही श्रीमंत नव्हती. १९४८ मध्ये लंडनमध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरिंगच्या पोराने मैत्रिणीच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये पहिली गाडी बनवली, तेव्हा इंग्लंडात पेट्रोलचं रेशनिंग चालू होतं. त्याच्याकडे पैसे नव्हते. एक जुनी, खिळखिळी ऑस्टिन सेव्हन मात्र होती. तिच्यापासून लोटस सुरू झाली. १९५७ मध्ये आलेली त्याची लोटस सेव्हन सुट्या भागांच्या रूपात विकली जायची, कारण जोडलेल्या गाडीवर खरेदी कर होता आणि सुट्या भागांवर नव्हता. सोबत जोडणीची कृती दिली तर सवलत जायची, म्हणून चॅपमनने म्हणे गाडी खोलायची कृती छापून दिली. गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचायची.

१९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्लिश शिक्षकाने पुस्तकच लिहिलं: अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बनवा. रचना लोटस सेव्हनसारखी, चौकोनी पाइप वेल्ड करून सांगाडा, आणि इंजिन-गिअरबॉक्स-ॲक्सल एखाद्या गंजलेल्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढायचं. या गाड्यांना ‘लोकॉस्ट’ म्हणतात. जगभर लोक त्या बनवतात.

या सगळ्या गोष्टींत एक पात्र कायम आहे: भंगारात निघालेली, कवडीमोलाची कौटुंबिक गाडी. स्वस्तातली स्पोर्ट्स कार श्रीमंतीतून नाही, भंगारातून जन्मते. कुणालाच नको असलेली, पण इंजिन धड असलेली गाडी हजारोंनी पडून असावी लागते. भारतात नेमकं तेच नव्हतं.

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला. १९५४ पासून फियाट ११०० तिथे बनू लागली. १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ झाली, मग ‘प्रेसिडेंट’, आणि १९७४ मध्ये चित्तोडच्या राणीच्या नावावरून ‘पद्मिनी’. पण किती गाड्या बनवायच्या ते दिल्ली ठरवणार. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. नवी गाडी ताब्यात आली की तिला बाहेर कारखान्याच्या किमतीपेक्षा जास्त भाव. जिथे वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग असते, तिथे भंगार कुठून येणार? वीस वर्षांची फियाट कापून तिची दोन सीटांची गाडी करणारा माणस त्या काळात वेडा ठरला असता, आणि त्याला वेडा म्हणणारे बरोबर असते.

माझं गाव सुरगाणा. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातला खेटून. आमच्याकडे मोटार म्हणजे जीप. वडापची, दहा माणसांची जागा आणि वीस माणसं. ती मेली की काय होतं ते मी लहानपणापासून पाहिलंय. इंजिन विहिरीवर पाण्याला. मागचा ॲक्सल ट्रॉलीला, नाहीतर रबरी टायरच्या बैलगाडीला. पाट्याचे लोहार विळे आणि कोयते करतो. स्प्रिंगच्या पोलादाला धार टिकते. पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर. सीट पडवीत, म्हाताऱ्यांना बसायला. शेवटी जे उरतं ते दोन पोरं उचलून नेतील एवढंच. याला आज शहरात ‘सर्क्युलर इकॉनॉमी’ म्हणतात आणि त्यावर कॉन्फरन्स भरवतात. पण जिथे प्रत्येक बोल्टाला आधीच काम ठरलेलं असतं, तिथे छंदाच्या वाट्याला काही येत नाही.

तरीही करणारे होते. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथे ट्यून केलेल्या फियाट पळायच्या आणि घरी बनवलेल्या एकसीटी गाड्याही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी तर पूर्ण गाडीच बनवली. शिक्षण सातवीपर्यंत. १९४९ मध्ये पहिली छोटी मोटार, मग सुधारत सुधारत १९७५ पर्यंत पुढच्या आवृत्त्या. नाव ‘मीरा’. अपेक्षित किंमत बारा हजार रुपये. कारखाना मात्र उभा राहिला नाही. मीरा स्पोर्ट्स कार नव्हती, पण गॅरेजात बसून गाडी बनवता येते हे महाराष्ट्रात कुणी सिद्ध केलं असेल तर शंकररावांनी. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्यांचं नाव मला एकदाही ऐकू आलं नाही. चॅपमनचं आलं.

१९९८ मध्ये गोव्यातून सॅन स्टॉर्म आली: दोन सीटा, उघडं छप्पर, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. देशी स्पोर्ट्स कार म्हणून तिचं कौतुक झालं, खप फार झाला नाही.

भंगार आलं ते शेवटी २००० नंतर. त्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा लागली तशा त्या भराभर निघू लागल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुदत संपली आणि मुंबईच्या रस्त्यावरून ही टॅक्सी गेली. कुर्ल्याच्या भंगार बाजारात गिअरबॉक्स, ॲक्सल, दरवाजे, कार्ब्युरेटर किलोच्या भावात मिळायचे. इंग्लंडला जे १९४८ मध्ये मिळालं, ते आपल्याला अर्ध्या शतकाने मिळालं.

मी माझी पद्मिनी घेतली ती त्या लाटेच्या शेपटीला. १९८७ ची, खाजगी, पंचेचाळीस हजारांना. पुण्यात तिला ठेवायला जागा नव्हती म्हणून सुरगाण्याला घरामागच्या शेडमध्ये आणली. दोन वर्षांत, महिन्याला पगारातून उरेल तसे, साधारण दीड लाख घातले. स्वस्तात करायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. सगळ्यांना आधी रंग हवा असतो. रंग शेवटी. आधी पत्रा.

कारण हेरल्डला वेगळी चासी आहे. बॉडी बोल्ट खोलून उचलता येते, म्हणून तर तिची स्पिटफायर होऊ शकली. पद्मिनीला चासी नाही. फरशी, दारांखालचे पत्रे आणि छप्पर मिळूनच तिची ताकद. फरशी गंजली म्हणजे गाडीचं हाड गंजलं. आणि आमच्या पट्ट्यातला पाऊस तुम्हाला माहीत नसेल तर एकदा जुलैत या. वरून लांबी भरून गुळगुळीत केलेली गाडी दिसायला झकास असते. खाली चुंबक फिरवला की चिकटत नाही. म्हणून गाडी बघायला जाताना खिशात चुंबक न्या. माझ्या एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा गॅस वेल्डिंग आणि पत्राकामात गेला.

इंजिन त्या मानाने स्वस्त. साठीचे एक मिस्त्री काका आहेत, तरुणपणी मुंबईत टॅक्सी गॅरेजमध्ये होते. “भाऊ, हे इंजिन मरत नाही, त्याला मारावं लागतं,” म्हणाले. ब्लॉक नाशिकला बोअर करून आणला, नवे पिस्टन-रिंगा, व्हॉल्व्ह बसवून घेतले, हेड गॅस्केट. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट काका हॅक्सॉ ब्लेडच्या जाडीने लावतात. मी मागाहून फिलर गेज घालून तपासलं, बरोबर होतं. मी दिवसा ज्या कोडवर काम करतो तो लिहिणारे सगळे कंपनी सोडून गेलेत आणि कुणी काहीही लिहून ठेवलेलं नाही. त्यापेक्षा हे इंजिन वाचायला सोपं आहे. प्रत्येक भाग दिसतो, आणि तो का आहे ते विचारलं तर सांगणारा माणूस समोर बसलेला आहे. असे सांगणारे आता फार नाहीत. भंगार संपतंय त्याहून वेगाने ते संपतायत.

आता तुम्ही विचाराल, तिची सिसितालिया का नाही करत? नळ्यांचा सांगाडा, हलकी बॉडी, तेच इंजिन. ड्रॉइंग मी कॅडमध्ये करूनही ठेवलंय. अडचण कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठणकावून सांगितलं. रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. त्याला माझा विरोध नाही. पण ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकच गाडीसुद्धा तपासून, पास करून नंबर द्यायची पद्धत आहे. आपल्या कॉलेजांतली पोरं बाहा आणि सुप्राच्या स्पर्धांसाठी दरवर्षी सांगाडे वेल्ड करतात, ब्रेक टेस्ट पास करतात. त्यातली एकही गाडी कॉलेजच्या गेटबाहेर चालवता येत नाही. भंगार नव्हतं तेव्हा कुणी बनवलं नाही, आणि भंगार आलं तेव्हा बनवायला वाट राहिली नाही.

त्यामुळे स्वस्तातला छंद म्हणजे आपल्याकडे बनवणं नाही, जपणं. आणि जपण्याचेही दर आहेत. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘विंटेज’ दर्जा दिला. त्यांना नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, पण त्या रोजच्या वापराला काढायच्या नाहीत. पहिल्या पद्मिनी, १९७४ च्या, या यादीत बसू लागल्या आहेत.

माझी १९८७ ची आहे. तिचा नंबर २०३७ मध्ये लागेल. सध्या मागच्या पाट्यांचा सेट शोधतोय. एक सापडला होता बोरगावच्या बाजारात, लोहाराकडे. पण तोवर त्यातल्या तीन पाट्यांचे कोयते झाले होते.