गिरणीतला रविवार

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली आणि दोन वर्षांत तारदेवला तिचे सूत निघू लागले, तेव्हापासून कोकणातून व घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसाच्या काळाचा धनी बदलला. शेतावर राबणाऱ्या कुणब्याचे कष्ट थोडे नव्हते. परंतु पेरणी आणि कापणी यांच्या मधोमध त्याला उसंत होती, सण होते, जत्रा होत्या. गिरणीत मात्र उजाडता हजेरी द्यावी आणि दिवस मावळून यंत्र थांबले म्हणजे घरी जावे, असा शिरस्ता पडला. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून राबणूकही मोठी. क्वचित गिरणी बंद राहिली, तरी साचे पुसण्यासाठी, त्यांत अडकलेला कापसाचा तूस काढण्यासाठी मजुराला निम्मा दिवस बोलावणे येई.

१८८१ च्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्या दिल्या. प्रौढ स्त्री-पुरुषांविषयी मात्र सरकार मौन राहिले. हे मौन ज्यांना सोसवले नाही, त्यांत नारायण मेघाजी लोखंडे अग्रणी होते. महात्मा फुले यांचे अनुयायी, ‘दीनबंधू’चे संपादक, आणि स्वतः काही काळ गिरणीत नोकरी केलेले असे हे गृहस्थ, त्यांच्या पुढाकाराने १८८४ च्या सप्टेंबरात परळला मजुरांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत वेतन, या त्यातील प्रमुख मागण्या होत.

या यादीत रविवारला अग्रस्थान असणे मला फार अर्थपूर्ण वाटते. रविवार हा खंडोबाचा वार, बहुजनांच्या कुलदैवताचा दिवस. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की पोटाची विवंचना तीव्र असतानाही या माणसांनी आपल्या मनासाठी सवड मागितली. ज्ञानावाचून उद्धार नाही, ही सत्यशोधकांची शिकवण अंगी बाणवायची, तर अक्षरे गिरवायला आणि वर्तमानपत्र वाचून घ्यायला मोकळी घटका हवीच होती.

तब्बल सहा वर्षे हा आग्रह चालला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे दहा हजारांच्या आसपास मजूर जमले. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मंजूर केली, आणि पुढच्याच वर्षी कायद्यानेही तिला मान्यता दिली.

त्या रिकाम्या दिवसात चाळीचाळींतून भजने झाली, तालमीत माती अंगाला लागली, गावाकडे पत्रे लिहिली गेली. स्वतःच्या आयुष्याचा काही अंश स्वतःच्या ताब्यात असल्याखेरीज माणूस वाढत नाही, हे त्या निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांनी अचूक ओळखले होते. आज कचेरीचे काम रविवारीही घरी आणणाऱ्या आणि त्यालाच कर्तबगारी समजणाऱ्या सुशिक्षितांनी एवढे ध्यानी धरावे, की ही विश्रांती कोणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. झगडून मिळवलेला तो हक्क आहे, आणि आपण होऊन तो सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही.